मंजुळाबाईंची मूठ

मंजुळाबाई जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या शोकसभेत मी चार चांगले शब्द बोलले. बऱ्याच जणांनी डोळे पुसले. घरी परतताना अरुण, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "छान बोललीस. फक्त तू त्यांच्यावर जळायचीस, तेवढं सांगायचं राहिलं."

राहिलं होतं खरं. शोकसभेत असलं काही सांगत नाहीत, म्हणून इथे सांगते. मी त्यांच्यावर अकरा वर्षं जळले. अगदी मनापासून जळले. आणि तेही साड्या, दागिने, मुलांचे मार्क अशा चारचौघींना समजेल अशा कारणावरून नाही, तर मिठावरून.

आमच्या वर्तकनगरातल्या दत्तमंदिराचं एक सेवा मंडळ आहे. कुठे पूर आला, दरड कोसळली, वादळात लोकांची छपरं उडाली, की मंदिरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्ट्या पेटतात. खिचडीची मोठमोठी पातेली टेंपोत चढतात, सोबत चादरी, औषधं, पाण्याचे कॅन आणि कोरडा शिधा. मंडळात पद्धती फार नाहीत, पण एक आहे ती कडक आहे. या स्वयंपाकघरातून जे अन्न बाहेर जाईल ते आधी महाराजांना दाखवायचं. पलीकडे माणसं छपरावर बसून वाट बघत असली तरी पाच मिनिटं काढायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग टेंपो सोडायचा. आता नैवेद्य म्हटला की तो आधी चाखता येत नाही. म्हणजे हजार माणसांची खिचडी करायची, आणि मीठ किती पडलं हे जिभेवर ठेवून बघायची सोय नाही.

त्यामुळे आमच्याकडे मीठ घालणं हे एकाच माणसाचं काम असतं. त्याला आम्ही 'मिठावर असणं' म्हणतो. बाकी कांदा कोणीही चिरतं, डाळ कोणीही धुतं, पण मिठावरचा माणूस एकच. त्याने पातेल्यात मीठ घातलं की मोठ्याने म्हणायचं, "मीठ पडलं!" आसपासच्यांनी उत्तर द्यायचं, "पडलं!" आणि लगेच झाकणावर मिठाचा एक मोठा खडा ठेवायचा. खडा आहे म्हणजे झालं, खडा नाही म्हणजे व्हायचंय. एकाच पातेल्यात दोघांनी मीठ घालू नये म्हणून कोणा शहाण्याने ही युक्ती काढली असणार.

मंजुळाबाई येईपर्यंत मिठावर मी होते. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई मंडळाला दुसरीकडे कुठे वापरायची हे सुचलंही नसतं. मी घरून काटा घेऊन जायचे. तांदूळ-डाळीच्या किलोला पस्तीस ग्रॅम मीठ, हे माझं प्रमाण. वहीत लिहिलेलं, खाली रेघ मारलेली. सगळे मला 'बाई' म्हणत आणि "बाई मिठावर आहेत ना, मग काळजी नाही" असंही म्हणत. ते मला फार आवडायचं, हे आत्ताच कबूल करून टाकते.

एका वर्षी खाडीचं पाणी कळव्याच्या सखल वस्तीत शिरलं. दीड-दोनशे कुटुंबं शाळेत आणून ठेवली होती. आमच्या भट्ट्या दोन दिवस पेटलेल्या होत्या आणि माणसं कमी पडत होती. तेव्हा बाळकुमहून चार आगरी बायका कांदा चिरायला आल्या. त्यांतल्या सर्वांत थोराड त्या मंजुळाबाई. साठी ओलांडलेली, गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. पुढे मी बघितलं, पूर असो की दरड, तो गजरा चुकत नसे. "मानसां रडत असतात गो बाय, आपुन बी कला रडका तोंड घेऊन जावाचा?" असं त्या म्हणायच्या; त्यांचं 'कला' म्हणजे आपलं 'कशाला'. स्वतःचं नाव त्या मंजुला सांगायच्या. आम्ही मंडळाच्या वहीत ते मंजुळा करून घेतलं, पण त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत मंजुलाच राहिलं.

मी काट्यावर मीठ तोलत होते. त्या कांद्याची पाटी घेऊन शेजारून चालल्या होत्या. थांबल्या, न विचारता माझ्या डब्यात हात घातला, मूठ भरली आणि हलवून बघितली.

"बाई, यो मीठ भिजलाय," त्या म्हणाल्या. "तुमचा काटा पानी मोजतंय."

"तुम्ही कांद्याचं बघा," मी म्हणाले. जसं वर्गात म्हणायचे तसंच.

त्या हसल्या आणि कांद्याकडे गेल्या. खिचडी कळव्याला गेली. तिथून निरोप आला की पोटभर होती, पण आळणी होती. लोकांनी फरसाण कालवून खाल्ली. दुसऱ्या दिवशी आमचे अध्यक्ष मोहनराव माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, गैरसमज नको, पण आज जरा त्या आजींना विचारून घाला ना." चौथ्या दिवशी विचारून घालायचीही गरज उरली नव्हती. मिठावर मंजुळाबाई होत्या आणि मी वाटपाच्या यादीवर.

मला सगळ्यांत जास्त काय लागलं असेल, तर ते हे, की खडे मीठ हवेतलं पाणी शोषून घेतं हा धडा मी आठवीच्या वर्गाला एकतीस वेळा शिकवला होता. फळ्यावर आकृती काढून शिकवला होता. आणि ऐन पावसाळ्यात, भिजलेलं मीठ हातात असताना, तो मला आठवला नाही. त्या बाईंनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं.

त्यांचं शिक्षण मिठागरात झालं होतं. वडील मिठागरात, नवरा मिठागरात, आणि त्या स्वतः परकऱ्या वयापासून डोक्यावर मिठाची पाटी वाहत होत्या. मीठ किती सुकलंय हे त्यांना मुठीत धरल्यावर कळायचं. पातेल्याशी आल्या की आधी झाकण काढून खिचडी कुठपर्यंत चढली आहे ते बघायच्या. तांदूळ किती घेतला हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. "तांदूल किती व्हता त्याचा काय करू? आथा पातेल्यात किती हाय ता बगावा लागतंय," असं म्हणायच्या. मग डबा मांडीवर घेऊन मोजून मुठी टाकायच्या. शेवटची मूठ अर्धवट सोडायच्या आणि उरलेलं परत डब्यात झटकायच्या. "मीठ पडला!" असा आवाज द्यायच्या, तो मंदिराच्या पुढच्या दारापर्यंत जायचा. झाकणावर खडा ठेवला की पालथ्या घमेल्यावर बसायच्या आणि मोबाइल काढायच्या. तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला असायचा. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी, बेबी, तिला रोज एकदा फोन करायच्या. "जेवलीस का गो?" हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक तोच शेवटचा.

अकरा वर्षांत त्यांचं मीठ एकदाही चुकलं नाही. मी वाट बघत होते, म्हणून खात्रीने सांगू शकते. त्या मीठ घालायला लागल्या की माझी नजर आपोआप त्यांच्या हाताकडे जायची. यादी लिहिता लिहिता मी मुठी मोजायचे. आठ, नऊ, साडेनऊ. घरी जाऊन वहीत टिपायचे. त्यात काही सूत्र सापडतंय का बघायचे, आणि सापडायचं नाही.

एकदा मी घरी सराव करायचं ठरवलं. काटा नाही, चमचा नाही, चाखणं नाही, फक्त मूठ. रोज रात्रीची खिचडी मी अंदाजाने मीठ घालून अरुणपुढे ठेवायचे आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. पहिल्या दिवशी त्याने लोणचं वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीन ग्लास पाणी प्यायला. तिसऱ्या आठवड्यात त्याचं ब्लडप्रेशर तपासायला डॉक्टरांकडे जावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात मीठ जास्त होतंय का?" अरुण म्हणाला, "रोज नाही. सोमवार, बुधवार." येताना रिक्षात तो म्हणाला, "हे बघ, तुला त्या बाईंना हरवायचंय, मान्य आहे. पण मला जिवंत ठेवून हरव." तेव्हा तो सराव बंद झाला.

मग कळव्याला डोंगराची दरड कोसळली ते वर्ष. तिथे वाटपाला मीही गेले होते. माझं काम चोख होतं. किती घरं, किती माणसं, लहान मुलं किती, सगळं मी रांगेत उभं राहून लिहून घेतलं. मंजुळाबाईंनी काहीच लिहून घेतलं नाही. त्या द्रोण हातात द्यायच्या, समोरच्याने पहिला घास घेईपर्यंत थांबायच्या आणि विचारायच्या, "मीठ बराबर हाय का?"

एक म्हातारा होता. त्याची सून ढिगाऱ्याखाली गेली होती आणि तो दोन दिवस कशाला तोंड लावत नव्हता. मी त्याला समजावलं, शक्ती राहायला हवी वगैरे सांगितलं. तो माझ्या पलीकडे बघत राहिला. मंजुळाबाई त्याच्या शेजारी चिखलात बसल्या. त्याला काहीच समजावलं नाही. म्हणाल्या, "बाबा, मना यातला मीठ बगाचा हाय आन माजी जीभ आज बेस नाय. एक घास घेऊन सांगतंव का?" त्याने त्यांच्याकडे बघितलं. मग घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हणाला, "बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "नीट बगा. खालच्या अंगाला जास्त असंल." असं करत त्याने अख्खा द्रोण संपवला. कोणीतरी काढलेला त्या दोघांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मंडळाच्या बॅनरजवळ, नीट साडी सारखी करून, मी उभी होते. त्या फोटोत माझं फक्त कोपर आलं आहे. मंदिरात सगळ्यांनी तो फोटो पाहिला आणि मीही "वा, वा" म्हटलं.

इतकं सगळं असून त्या बाई वाईट वागल्या असत्या, तर मला किती सोपं गेलं असतं. त्या मोहनरावांना "पोरा" म्हणायच्या, बाकी सगळ्या बायकांना "बाय". मला मात्र "बाई". कधी एकेरीवर आल्या नाहीत. दर खेपेला घमेल्याशेजारी माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बसा बाई, हतं. तुमी असल्याव की मना बरा वाटतंय." मला ते टोचून बोलणं वाटायचं. मी खुर्ची उचलून दुसरीकडे नेऊन बसायचे.

आता जे सांगायचं ते सांगते.

त्या मिठावर आल्याच्या अकराव्या वर्षी वादळ आणि उधाण एकत्र आलं. पेणच्या पलीकडे खाडीचे बांध फुटले आणि समुद्राचं पाणी गावांत शिरलं. शेतं गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे गोड्या विहिरी खाऱ्या झाल्या. बेबीचं गाव त्यातलंच. सकाळी सातला आमच्या भट्ट्या पेटल्या. मंजुळाबाई त्याआधीच येऊन बसल्या होत्या. बेबीचा फोन आदल्या दुपारपासून लागत नव्हता.

नऊ पातेली होती. त्या एकेकात मीठ घालत होत्या आणि मधेच दुधाच्या पिशवीतून मोबाइल काढून कानाला लावत होत्या. बाकीची मंडळी टेंपोत पाण्याचे कॅन चढवायला बाहेर गेली होती. सहाव्या आणि सातव्या पातेल्यात त्यांनी मीठ घातलं, झाकणं ठेवली, वर खडे ठेवले. "मीठ पडला" म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता, आणि उत्तर द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी दिलं नाही. तेवढ्यात फोन वाजला, तो बेबीचा नव्हताच, पण त्या तो घेऊन शेडच्या टोकाला गेल्या.

ती दोन पातेली शेडच्या कडेला होती. वरच्या ताडपत्रीला चीर पडली होती आणि तिच्यातून साठलेल्या पाण्याची धार झाकणांवर आली. माझ्या डोळ्यांदेखत एक खडा घसरून माझ्या पायाशी पडला. दुसराही त्याच्या मागोमाग आला. मी वाकून ते उचलून परत झाकणांवर ठेवले असते तर एका क्षणाचं काम होतं. मी ते केलं नाही.

मंजुळाबाई परत आल्या. दोन झाकणं मोकळी बघून थबकल्या. डबा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. अकरा वर्षांत मी त्यांना अशा घोटाळलेल्या पहिल्यांदा बघत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, या दोनांत मीठ पडलाय का?"

"मी नाही पाहिलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, झाकणं काढली आणि मुठी टाकल्या. तोवर मंडळी आत आली होती. "मीठ पडला!" या वेळी आवाज नेहमीसारखा होता. "पडलं!" सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि त्यांत मीही होते.

मला काय वाटलं होतं? वाटलं होतं की नैवेद्यानंतर कोणीतरी प्रसाद खाईल, इथेच कळेल, मंजुळाबाईंचंही चुकतं हे एकदा चारचौघांत दिसेल. त्या माणसांचं नुकसान करावं असं माझ्या मनात नव्हतं. पण नैवेद्य पहिल्या पातेल्यातून निघाला, प्रसादही त्यातलाच वाटला गेला, आणि टेंपो निघाला. मंजुळाबाई ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या. मी हात करून निरोप दिला. टेंपो कोपऱ्यावरून वळला तेव्हा मला समजलं की ज्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्यात त्यांना आपण दुप्पट मिठाची खिचडी पाठवली आहे. मोहनराव टेंपोबरोबर होते, त्यांचा नंबर माझ्याकडे होता. तो मी तीनदा काढला आणि तीनदा फोन पर्समध्ये ठेवला. काय सांगणार होते? मी पाहिलं होतं असं?

पुढचं मी मोहनरावांकडून ऐकलं, आणि मंदिरात सगळ्यांनीच ऐकलं, कारण ते त्यांनी आरतीनंतर हात जोडून सांगितलं. बेबी सापडली, शाळेच्या माडीवर सुखरूप होती. सात पातेली तिथे संपली. मग पुढच्या पाड्यावर गेले. तिथली माणसं सकाळपासून उपाशी होती. द्रोण वाटायला सुरुवात झाली, आणि एका पोरीने पहिला घास घेऊन थुंकला. मंजुळाबाईंनी स्वतः चाखलं आणि हात वर करून वाटप थांबवलं. लोक कुरकुरायला लागले. उपाशी माणसांसमोर भरलेली दोन पातेली झाकून ठेवायची म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही, असं मोहनराव म्हणाले.

मंजुळाबाईंनी शिध्याच्या तांदळाचं पोतं उघडायला लावलं. टेंपोत गरम करायला नेलेली भट्टी उतरवली. पिण्याच्या पाण्याचे कॅन ओतून नुसता भात शिजवला, त्यात मिठाचा कण नाही. आणि तो आळणी भात त्या खारट खिचडीत कालवला. दोन पातेल्यांची चार पातेली झाली. तो पाडा जेवला, वर शेजारचा पाडाही जेवला, ज्याची आमच्या यादीत नोंदच नव्हती. यादी माझी होती.

"महाराजांनीच ते मीठ जास्त पाडलं," मोहनराव म्हणाले. "नाहीतर ती माणसं उपाशी राहिली असती."

सगळं मंदिर मंजुळाबाईंकडे बघत होतं. कोणी त्यांच्या पाया पडलं. त्या दिवसाचा व्हिडिओ डोंबिवलीपर्यंत फिरला. त्यांना जरासं खाली बघायला लावायचं म्हणून मी गप्प बसले होते, आणि त्यातून लोकांनी त्यांना पालखीत बसवलं. मला रडू आलं. ते पश्चात्तापाचं होतं असं म्हणायला मला आवडेल, पण त्यात निम्मा संताप होता.

मंजुळाबाई उभ्या राहिल्या. "देवाचा काय नाय यात, पोरा," त्या मोहनरावांना म्हणाल्या. "मीठ दोनदा पडला. माजी चूक हाय. देवावं कला घालतंस?" मग त्यांनी लुगड्याच्या कनवटीतून मिठाचा एक खडा काढला, माझ्यापर्यंत चालत आल्या आणि तो माझ्या हातावर ठेवला. "आथा मिठावं बाई," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "माजा हात थकला."

लोकांनी आग्रह केला. त्या ऐकल्या नाहीत. असं अकरा वर्षांनी मला मीठ परत मिळालं.

मी ते नीट सांभाळलं. भिजलेल्या मिठाचं वजन वजा कसं करायचं हे मी आता शिकले होते. पातेलं किती चढलंय तेही बघत होते. कोणाची तक्रार आली नाही. मंजुळाबाई सुरुवातीला येऊन घमेल्यावर बसायच्या, मग गुडघ्यांनी येईनात, मग किडनीचं काहीतरी निघालं. घमेलं कोणीतरी कांद्याला वापरायला घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी सहा पातेली होती. कुठून तरी फोन आला, मी बोलायला बाजूला झाले, परत आले तर चौथ्या झाकणावर खडा नव्हता. वाफेने विरघळला असेल किंवा मी ठेवलाच नसेल. मला आठवेना. विचारावं म्हणून मी मान वर केली. दहा-बारा माणसं होती. कोणी कांदा चिरत होतं, कोणी मोबाइलवर बोलत होतं, कोणी द्रोण मोजत होतं. माझ्या हाताकडे कोणीही बघत नव्हतं. विचारणार कोणाला? मी पाठ करून उभी राहिले, झाकण सरकवलं आणि बोटाने चाखलं. मीठ पडलेलं होतं. मी खडा ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "मीठ पडलं!" नैवेद्य दाखवला, टेंपो गेला. मग त्याच पातेल्यातून काढून ठेवलेल्या प्रसादाचा डबा घेतला आणि रिक्षा करून सरळ बाळकुमला गेले.

चारी बाजूंना टॉवर आणि मधे त्यांचं बैठं कौलारू घर. ओटीवर खाटेवर त्या बसल्या होत्या, गजरा माळून. खूप वाळल्या होत्या. शेजारी पेजेचा वाडगा होता. "डॉक्टरनी मीठ तोडलाय," त्या हसत म्हणाल्या. "बगा, मिठागरातली बाय आन आळनी पेज पिते."

मी बसले नाही. बसले असते तर सांगता आलं नसतं.

"मंजुळाबाई, त्या दिवशी मी पाहिलं होतं. दोन्ही पातेल्यांत मीठ पडलेलं पाहिलं होतं. खडे पडलेलेही पाहिले होते. मी खोटं बोलले."

"म्हायती हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तवाच. खडं तुमच्या पायाशी पडलेलं. मना दिसलं, पर तुमाला इचारल्यावं, मागाहून दिसलं. तवर मुठी पडून गेल्या व्हत्या." वाडगा बाजूला ठेवून त्यांनी पाय वर घेतले. "त्यातला एक उचलून मी कनवटीला लावला. तोच तुमाला दिला."

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमी नाय बोललाव. मुठी तं मीच टाकल्या ना?"

मी उभीच होते. जे मनात होतं तेच विचारलं. "पण मला का विचारलंत? मी तुमच्यावर जळते हे तुम्हाला कळत नव्हतं का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्या वर्गात एखादा हुशार मुलगा सोपं गणित चुकला, की मी त्याच्याकडे जशी बघायचे, तशा.

"अकरा वर्सां माज्या हाताकडं तुमीच बगत व्हत्याव, बाई," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बाया गप्पा मारत. तुमी एकेक मूठ मोजत. म्हनून तं मी तुमची खुर्ची जवल ठेवाची. माजा कवा चुकला असता तं तुमालाच कललां असतां. तुमाला नाय तं कोनाला इचारू?"

मग मी बसले, त्यांच्या खाटेच्या कडेवर. टॉवरच्या वॉचमनची शिट्टी ऐकू येत होती. त्यांनी माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला आणि उलटासुलटा करून बघितला.

निघताना मी प्रसादाचा डबा पुढे केला. "तुम्हाला चालणार नाही, पण नुसता हात लावा," मी म्हणाले. त्यांनी झाकण काढलं, चार शितं उचलली, अंगठा आणि बोटात चोळली. डोळे बारीक केले. मग शितं परत डब्यात न टाकता अंगणातल्या चिमण्यांना टाकली.

"जरासा कमी हाय," त्या म्हणाल्या.

मी डबा बंद केला आणि निघाले. फाटकाशी वळून बघितलं, तर त्या खाटेवरून हात हलवत होत्या. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं. पंधरा दिवसांनी बेबीचा फोन आला.

रिक्षात बसल्यावर मी डबा उघडून एक घास तोंडात घातला. सकाळी बोटावर घेतलेला कण बरोबर लागला होता. आता पूर्ण घास जिभेवर घोळवून बघितला. खरंच कमी होतं, अगदी जरासं. आणि रिक्षा वर्तकनगरला पोहोचेपर्यंत मी त्यांच्यावर पुन्हा जळत होते, पहिल्या दिवशी जळले होते तशीच.